कायम वास्तव्याचे कागद



माझी जन्मतारीख १ जून १९५९ आहे. निदान माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर, सेवापुस्तकांत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत आणि पासपोर्टावर तसें लिहिलेलें आहे. महाराष्ट्रांत माझ्या वयाच्या मंडळींत १ जून ही तारीख असलेलीं माणसें इतकीं आहेत कीं, दर वर्षीं ३१ मे रोजीं सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते; कारण महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. एवढीं सारीं मुलें एकाच दिवशीं जन्मास आलीं नव्हतीं, हें सांगावयास नको. आईबापांस तारीख ठाऊक नसे, शाळा जूनांत उघडे, वयाचा हिशेबहि तेथूनच धरीत. तेव्हां मास्तर टांक उचलीत आणि १ जून लिहून मोकळे होत. माझी तारीख माझ्या मास्तरांनीं अशीच लिहिली. पुढें मॅट्रिक होऊन मी स्वतः मास्तर झालों, आणि सातारा जिल्ह्यांतील निरनिराळ्या शाळांतून अडतीस वर्षें मुलांचीं नांवें दाखल करतांना कित्येकांच्या पुढें मीहि तेंच लिहिलें. त्यांत कांहीं वावगें आहे असें मला त्या काळीं वाटलें नाहीं.

तें वाटण्याचा प्रसंग आला तो माझ्या मुलीमुळें. आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत असते. २०२१ सालीं तिनें तेथील नागरिकत्वाची शपथ घेतली, आणि दुसऱ्याच वर्षीं आम्हां दोघांस कायमच्या वास्तव्यासाठीं तिकडे नेण्याचा अर्ज केला. अशा अर्जाचे कागद जमवितांना आमचीं दोन वर्षें कशीं गेलीं, तें आज सांगावयाचें आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा पुष्कळ घरांतून हा प्रश्न आज ना उद्यां निघणार आहे, म्हणून हें माझें घरचें गाऱ्हाणें आपल्यापुढें मांडण्याचें धाडस करतों.

प्रथम कायद्याविषयीं थोडें. आईबापांच्या बाबतींत तो कायदा उदार आहे, हें मान्य केलें पाहिजे. नागरिक झालेल्या मुलाचें वय २१ वर्षांचें असलें म्हणजे त्याच्या आईबापांस वर्षाकाठच्या ठराविक संख्येची मर्यादा लागत नाहीं. ही रचना १९६५ सालच्या कायद्यापासूनची. त्यापूर्वीं १९४६ च्या कायद्यानें साऱ्या हिंदुस्थानच्या वांट्यास वर्षाला अवघ्या शंभर माणसांचा प्रवेश आला होता. सख्ख्या भावाबहिणींची रांग निराळी आहे. तिच्यांत साऱ्या जगाला मिळून वर्षाला मुळांत ६५,००० जागा, आणि भारतांत जन्मलेल्या माणसास तेथें वीस वर्षांच्या आसपास उभें राहावें लागतें. माझ्या मेहुण्यानें मोठ्या आशेनें विचारलें, ‘‘मी तिचा मामा; मला कोणती रांग?’’ त्याला सांगावें लागलें कीं, मामा हें नातें त्या कायद्याच्या यादींत नाहींच. आपल्याकडे ज्याच्यावांचून भाचीच्या डोक्यावर अक्षता पडत नाहींत, त्याला तेथें अर्ज करण्याचीहि सोय नाहीं. आजोबा, आजी, काका, आत्या यांचीहि तीच गत. यादींत नवरा, बायको, मुलें, आईबाप आणि भावंडें एवढींच माणसें आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आई आणि बाप यांच्यासाठीं दोन वेगळे अर्ज करावे लागतात. नवऱ्याच्या अर्जावर बायकोस किंवा बायकोच्या अर्जावर नवऱ्यास जातां येत नाहीं. आईच्या अर्जास मुलीचा जन्मदाखला पुरतो, मात्र त्यावर आईचें नांव पाहिजे. बापाच्या अर्जास जन्मदाखला आणि शिवाय आईबापांच्या लग्नाचा दाखला, असे दोन कागद लागतात. म्हणजे आईपण एका कागदानें सिद्ध होतें, बापपणास दोन लागतात. हें वाचून आमच्या घरांत जें हंसू झालें तें फार वेळ टिकलें नाहीं. कारण आमच्या घरीं पहिलाच कागद अडला, आणि तो आईच्याच बाबतींत अडला.

आमच्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. माझ्या पत्नीचें माहेर भोर तालुक्यांत. १९८६ सालीं मुलगी तेथें जन्मली, आणि नोंद करणाऱ्यानें ‘‘बाळाच्या आईचें नांव काय?’’ असें विचारलें तेव्हां सासूबाईंनीं आपल्या लेकीचें जें नांव त्यांच्या तोंडीं होतें तें सांगितलें: इंदुमती. परंतु लग्नांत आमच्या घरच्या चालीप्रमाणें मी ताम्हनांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें सुनंदा हें नांव लिहिलें होतें. तेव्हांपासून शिधापत्रिका, मतदारयादी, बँक, पासपोर्ट सर्वत्र ती सुनंदा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र इंदुमती, आडनांव माहेरचें, मधलें नांव वडिलांचें. तीन ठिकाणीं तीन शब्द, आणि तिन्ही शब्द वेगळे. न्यू जर्सींतून आमच्या मुलीनें जो जन्मदाखला जोडावयाचा, त्याच्याप्रमाणें तिची आई इंदुमती नांवाची कोणी बाई. आणि जी सुनंदा तिच्याकडे जावयास निघाली, तिचा त्या मुलीशीं कागदोपत्रीं कांहीं संबंध नाहीं.

(मुलीच्या नांवाचा रकाना जन्मनोंदींत मुळीं कोराच होता. ती शाळेंत जाण्याच्या सुमारास मीं अर्ज करून तें चढवून घेतलें होतें. अडतीस वर्षांच्या मास्तरकींत दप्तराच्या बाबतींत माझ्या हातून झालेलें हें बहुधा एकच शहाणपणाचें काम.)

बायकांचीं नांवें बदलण्याची ही चाल किती घरांतून आहे, आणि तिच्याविषयीं आपण किती थोडा विचार करतों, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें. पत्नीस मीं विचारलें, ‘‘तुला त्या वेळीं कोणी पुसलें होतें का, कोणतें नांव हवें म्हणून?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हींच लिहिलेंत तें नांव. तुम्हांला तरी कोणी पुसलें होतें का?’’ खरें म्हणजे तें माझ्या आईनें ठरविलें होतें.

आतां दोन नांवांची एकच बाई आहे हें दाखविणारा कागद पाहिजे. तो लग्नाचा दाखला. पण आमचें लग्न १९८३ सालीं गांवांत, मांडवांत, चारशें माणसांच्या देखत झालें. त्याची सरकारी नोंद करावी हें कोणाच्या स्वप्नींहि आलें नाहीं. महाराष्ट्रांत विवाहनोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, पुढें १९९८ सालीं नवा झाला, तरी खेड्यांतून नोंदणीवांचूनच लग्नें लागत आलीं. उशिरा कां होईना, नोंद करतां येते, आणि गांवीं ग्रामसेवक हाच विवाहांचा निबंधक असतो, असें कळल्यावर आम्ही दोघें एकोणचाळीस वर्षांनंतर लग्न नोंदविण्यास ग्रामपंचायतींत जाऊन बसलों. तीन साक्षीदार हवे होते. लग्नांत हजर असलेलीं आणि अजून हयात असलेलीं माणसें शोधतांना एक एक नांव खोडावें लागलें. लग्न लावणारे भटजी केव्हांच निवर्तले होते. त्यांच्या सहीऐवजीं प्रतिज्ञापत्र करावें लागलें. ज्या कागदानें सर्वांत मोठें काम केलें तो मात्र अगदीं क्षुल्लक होता. पत्नीच्या ट्रंकेच्या तळाशीं, शालूच्या घडींत, आमची लग्नपत्रिका होती. कोंपऱ्यास हळदीकुंकवाचें बोट अजून दिसत होतें. तिच्यावर ‘चि. सौ. कां. इंदुमती’ आणि शेजारीं माझें नांव. निबंधकानें दाखल्यांत वधूचें लग्नापूर्वींचें नांव आणि नंतरचें नांव दोन्ही लिहिलीं, आणि एकोणचाळीस वर्षांत प्रथमच इंदुमती आणि सुनंदा एका कागदावर आल्या. माझें सांगणें एवढेंच कीं, आपल्या घरची लग्नपत्रिका, मग ती कितीहि फाटलेली असो, रद्दींत घालूं नका.

पुढचा प्रश्न आमच्या दोघांच्या जन्माचा. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशासाठीं एक कायदा १९६९ सालीं झाला आणि महाराष्ट्रांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीं जन्मलेल्या माणसाजवळ दाखला नसणें हें इतकें सर्वसाधारण आहे कीं, अमेरिकन सरकारासहि तें माहीत आहे. अशा वेळीं जेथें जन्म झाला तेथील अधिकाऱ्याकडून ‘नोंद आढळत नाहीं’ असा दाखला घ्यावयाचा, आणि त्याच्या जोडीस शाळेचा दाखला व वयानें वडील अशा नातेवाइकांचीं प्रतिज्ञापत्रें द्यावयाचीं, अशी रीत आहे. म्हणजे ‘नाहीं’ असें सांगणारा कागदहि कागदच असतो. तोंडानें ‘नाहीं’ म्हणून चालत नाहीं. ह्या एका वाक्यावर आमच्या तालुक्यांतील कित्येकांचे महिने गेले आहेत.

ग्रामपंचायतींत माझ्या नांवाची नोंद आढळली नाहीं. तेथील लेखनिकानें सांगितलें, ‘‘गुरुजी, तहसील कचेरींत कोतवाल बुकें असतात, तेथें एकदां पाहा.’’ जुन्या काळीं गांवचा कोतवाल जन्म आणि मृत्यू ह्यांची वर्दी देई, आणि तीं बुकें तालुक्यास जमा होत. हल्लीं जातीच्या दाखल्यासाठीं लोक त्यांच्या नकला काढतात. मी अर्ज दिला, शुल्क भरलें, आणि तिसऱ्या खेपेस एक जाडें बुक माझ्यापुढें आलें. माझ्या गांवाच्या पानावर जानेवारी १९५८ च्या खालीं माझ्या वडिलांचें नांव होतें, आणि पुढें एकच शब्द: ‘मुलगा’. नांव नाहीं. त्या काळीं नोंद बारशापूर्वीं होई.

माझा हात थरथरला हें कबूल करतों. चौसष्टाव्या वर्षीं माणसास आपली खरी जन्मतारीख सांपडावी, आणि आपण दीड वर्षानें वडील निघावें! निवृत्तिवेतन, ज्येष्ठता, सारें डोळ्यांपुढें फिरलें. पण घरीं येऊन आत्याबाईंस विचारलें तेव्हां गोष्ट निराळी निघाली. आत्या तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांच्या होत्या. दृष्टि गेलेली, स्मृति मात्र लख्ख. त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या आधींचा एक होता रे. सव्वा महिन्याचा होऊन गेला. वहिनीनें त्याचें नांव कधीं काढलें नाहीं, म्हणून तुम्हांला ठाऊक नाहीं.’’ मग मी केव्हांचा? तर ‘‘तोहि हुरड्याच्या दिवसांतला, आणि तूंहि हुरड्याच्या दिवसांतला, मध्यें किती वर्षें तें मला सांगतां येत नाहीं.’’ मी पुन्हा कचेरींत गेलों. त्यापुढील सालांचीं पानें वाळवीनें खाल्लेलीं होतीं. सव्वा महिन्याच्या मुलाच्या मृत्यूची नोंदहि दिसली नाहीं. तेव्हां तो ‘मुलगा’ मी, कीं माझा न पाहिलेला भाऊ, हें आजहि मला सांगतां येत नाहीं. आईस जाऊन वीस वर्षें झालीं. तिला एकदां तरी विचारावयास हवें होतें.

पत्नीची गोष्ट त्यामानानें सोपी. तिच्या आईनें सांगून ठेवलें होतें कीं, पानशेतचें धरण फुटलें त्याच वर्षींच्या दिवाळींत ही झाली. पानशेत फुटलें १२ जुलै १९६१ रोजीं. म्हणजे जन्म त्या वर्षाच्या नोव्हेंबरांतला. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६२.

आतां मी आपणांस जें सांगणार आहें तें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. ह्याच सुमारास तालुक्याच्या गांवीं एक गृहस्थ भेटले. असे गृहस्थ प्रत्येक तालुक्यास असतात. त्यांची कचेरी चहाच्या दुकानांत असते. त्यांनीं सर्व कागद पाहिले आणि हंसून म्हणाले, ‘‘गुरुजी, एवढी खटपट कशाला? दोघांचेहि जन्मदाखले मी आणून देतों. तारीख तीच, १ जून. नांवेंहि पासपोर्टाप्रमाणें. शिक्का खरा असेल.’’ रक्कम सांगितली, ती फार नव्हती. मी ‘नाहीं’ म्हणालों नाहीं. ‘घरीं विचारून सांगतों’ म्हणालों. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून पुरावा अपुरा म्हणून आणखी कागद मागितले गेले होते. दुसऱ्या एकास आईचें आणि मुलाचें नातें रक्ताच्या कसोटीनें सिद्ध करण्याची सूचना आली होती. मला भीति वाटत होती. शिवाय मनांत एक युक्तिवाद तयार होता: नाहीं तरी १ जून ही तारीख खोटीच आहे, ती मास्तरानें लिहिली काय, आणि ह्या गृहस्थानें लिहिली काय!

घरीं पत्नीनें सारें ऐकून घेतलें. ती सातवी शिकलेली. ती म्हणाली, ‘‘माझी आई खोटें बोलली नव्हती. तिला तारीख ठाऊक नव्हती एवढेंच. हा मनुष्य तिच्या नांवानें खोटें बोलायला निघाला आहे.’’ मग थोड्या वेळानें, ‘‘आणि पोरीचें काय होईल?’’

हें दुसरें वाक्य कायद्याच्या दृष्टीनेंहि बरोबर होतें, हें मला पुढें वाचून कळलें. महत्त्वाच्या गोष्टींत खोटें सांगून किंवा खोटा कागद दाखवून व्हिसा मागणाऱ्यास त्या देशाचें दार जन्मभर बंद होऊं शकतें. आणि अर्ज मुलीच्या सहीनें, सत्यतेच्या प्रतिज्ञेवर गेलेला असतो. तारीख ठाऊक नसणें हा गुन्हा नाहीं. ठाऊक नसतांना दाखला निर्माण करणें हा गुन्हा आहे. मी त्या गृहस्थांस पुन्हा भेटलों नाहीं. समोरून येतांना दिसले तर अजून मीच दुसऱ्या बाजूस जातों. त्यांनीं माझें कांहीं वाईट केलेलें नाहीं, पण मी कोठवर आलों होतों तें त्यांना ठाऊक आहे.

मग आम्हीं जें होतें तसें मांडलें. नोंद नसल्याचे दोन दाखले, शाळेचे दाखले, माझ्यासाठीं आत्याबाईंचें आणि पत्नीसाठीं तिच्या थोरल्या मावशीचें प्रतिज्ञापत्र, आणि त्यांत १ जून ही शाळेनें लिहिलेली तारीख आहे, प्रत्यक्ष दिवस कुटुंबांत कोणास ठाऊक नाहीं, असें स्वच्छ वाक्य. कोतवाल बुकाची नक्कलहि मीं लपविली नाहीं. सोबत एका पानावर त्या ‘मुलगा’ शब्दाची हकीकत लिहून जोडली. हें करूं नये असें मला दोघांतिघांनीं सांगितलें. आत्याबाईंचा अंगठा घेतला तो श्रावणांत, आणि कार्तिकांत त्या गेल्या. ज्यांच्या घरीं असें एखादें वडील माणूस आहे, त्यांनीं तें प्रतिज्ञापत्र उद्यांवर टाकूं नये. फीचे पैसे मागाहून मिळतात, साक्षीदार मागाहून मिळत नाहीं.

पुढची यादी मी झटपट सांगून टाकतों. मराठी कागदाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतें, आणि भाषांतरकारानें ‘मला दोन्ही भाषा येतात, हें भाषांतर पूर्ण व बरोबर आहे’ असें लिहून सही करावयाची. वकीलच पाहिजे असें नाहीं; आमचें काम माझे एक जुने सहकारी, इंग्रजीचे शिक्षक, यांनीं केलें, आणि ‘ग्रामसेवक’ ह्या शब्दाशीं दोन दिवस झगडले. पासपोर्ट कचेरीकडून पोलिसांचा दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, छातीचा फोटो, लस टोंचणें, हें सर्व यथासांग झालें. नांवांच्या इंग्रजी अक्षरांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावें. आमच्या आडनांवांत एका कागदावर एक ‘ए’ होता, दुसऱ्यावर दोन.

अर्जाची पहिली मंजुरी २०२३ सालीं आली. मग सर्व काम परराष्ट्र खात्याच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातें, आणि तेथें एक लांबलचक प्रश्नावली संगणकावर भरावी लागते. तींत एक प्रश्न असा कीं, वयाच्या सोळाव्या वर्षापासून आजपर्यंत आपण कोठें कोठें राहिलांत? बदलीच्या नोकरींतील मास्तरास हा प्रश्न म्हणजे परीक्षाच. मी सेवापुस्तकाची नक्कल मांडीवर घेऊन बसलों. एका गांवीं आम्ही शाळेच्याच एका खोलींत राहत होतों, त्या घराचा पत्ता काय लिहावा? एक गांव धरणाखालीं गेलें आहे. त्याचें नांव आहे, पत्ता नाहीं. मुलगी तिकडून फोनवर विचारी, ‘‘बाबा, महिना कोणता?’’ आणि पत्नी सांगे, ‘‘त्या गांवीं गेलों तेव्हां तुला कांजिण्या आल्या होत्या, म्हणजे फाल्गुन.’’ असा तिघांनीं मिळून आमचा संसार पुन्हा एकदां मोजला. शेवटीं शेवटीं प्रश्न चमत्कारिक आहेत. आपण एखाद्या एकतंत्री किंवा साम्यवादी पक्षाचे सभासद होतां काय? आपण दहशतवादी आहांत काय? एकाहून अधिक बायका करण्याच्या हेतूनें येत आहांत काय? हा शेवटचा प्रश्न मीं मराठींत वाचून दाखविला तेव्हां पत्नी म्हणाली, ‘‘नाहीं म्हणून लिहा, आणि जरा ठळक अक्षरांत.’’

परंतु ज्या कागदानें मला रात्रभर झोंप आली नाहीं तो ह्यांपैकीं एकहि नव्हे. मुलीस एक हमीपत्र भरावें लागतें. आपलें उत्पन्न किती, कर किती भरला, घरांत खाणारीं तोंडें किती, हें दाखवून तिला लिहून द्यावें लागतें कीं, हीं माणसें सरकारावर भार होऊं देणार नाहीं. तेथील सरकार दर वर्षीं दारिद्र्याची एक रेषा ठरवितें. घरांतील माणसें मोजून त्या रेषेच्या निदान सव्वापट उत्पन्न असावें लागतें, आणि त्या मोजणींत येणारे आईबापहि धरले जातात. हें पत्र म्हणजे नुसतें आश्वासन नव्हे, कोर्टांत बजावतां येण्याजोगा करार आहे. आम्ही तेथील नागरिक होईपर्यंत किंवा कायद्यानें सांगितलेली दुसरी कारणें घडेपर्यंत तिची जबाबदारी सुटत नाहीं. तिनें तो कागद मला पाठविला तो सहज, माहितीसाठीं. मीं आयुष्यभर कोणाचें देणें ठेवलें नाहीं. ज्या मुलीच्या शाळेची फी मीं भरली, तिनें माझ्या पोटाची हमी परक्या सरकारास लेखी दिली होती, आणि माझें नांव एका रकान्यांत ‘आश्रित’ ह्या अर्थाच्या शब्दाखालीं होतें. मीं फोन करून म्हटलें, ‘‘आपण हा विचार सोडून देऊं.’’ ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘‘बाबा, मी कॉलेजला पुण्यास गेलें तेव्हां वसतिगृहाच्या अर्जावर तुम्हीं पालक म्हणून सही केली होती ना? मीं कांहीं वाईट वाटून घेतलें नव्हतें.’’

मुलाखत २०२४ सालीं मुंबईस, वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत झाली. आम्ही दोन पिशव्या कागद घेऊन गेलों होतों. अधिकारी तरुण बाई होत्या, आणि शेजारीं मराठी दुभाषी. त्यांनीं मला तीनच प्रश्न विचारले. मुलगी काय करते, लग्न केव्हां झालें, आणि हा कोतवाल कोण? मीं सांगितलें. त्यांनीं तें पान पुन्हा वाचलें आणि बाजूस ठेवलें. पत्नीस विचारलें, ‘‘आपली जन्मतारीख?’’ ती म्हणाली, ‘‘कागदावर १ जून १९६२. आईच्या सांगण्याप्रमाणें त्याच्या आधींची दिवाळी.’’ दुभाष्यास दिवाळी समजावून सांगावी लागली नाहीं. मग बाईंनीं मूळ लग्नपत्रिका मागितली, काचेखालून आंत घेतली, आणि हळदीच्या डागाकडे बोट दाखवून कांहीं विचारलें. दुभाषी म्हणाला, ‘‘हा डाग कशाचा, असें विचारतात.’’ दोन्ही व्हिसे मंजूर झाले.

आणखी एक इशारा द्यावयाचा राहिला. हा परवाना राहण्याचा आहे, फिरण्याचा नव्हे. पुष्कळ मंडळी तो मिळवून वर्षांतले दहा महिने येथें आणि दोन महिने तेथें अशीं राहतात. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परत प्रवेशास अडचण येते, आणि त्याहून कमी राहूनहि ‘आपलें घर नक्की कोठें?’ हा प्रश्न विमानतळावर विचारला जाऊं शकतो. मी जेव्हां तेथें जातों तेव्हां माझ्यापाशींहि त्याचें तयार उत्तर नसतें. पत्नीपाशीं असतें. तिला तेथें नात आहे, आणि तिच्या शेजारणी तिला, कां कोण जाणे, इंदू म्हणतात. मुलीनें सांगितलें असावें.

सध्यां आम्ही दोन महिन्यांकरितां गांवीं आलों आहों. गेल्या आठवड्यांत माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याची बहीण तिकडे नागरिक आहे, आणि त्याच्या रांगेचा क्रमांक इतक्या वर्षांनीं जवळ आला आहे. आईवडील नाहींत, वडील असें नातेवाईकहि उरले नाहींत. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, माझी तारीख तुम्हींच लिहिली आहे. तुमच्याशिवाय कोण सांगणार?’’ आम्ही दोघें शाळेंत गेलों. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनीं जुनें दाखल-रजिस्टर काढून दिलें. माझें अक्षर त्या काळीं बरें होतें. त्या पानावर एकवीस मुलें, आणि चौदांच्या पुढें १ जून.

मीं प्रतिज्ञापत्र करून दिलें. त्यांत लिहिलें कीं, ही नोंद माझ्या हातची आहे. मुलास घेऊन त्याची आजी आली होती. तिनें तारीख सांगितली नाहीं, मीहि दुसऱ्यांदा विचारली नाहीं. मुलाच्या उंचीवरून आणि पडलेल्या दांतांवरून सहा वर्षांचा अंदाज करून मीं १ जून लिहिलें. नोटरीनें वाचून विचारलें, ‘‘हें असेंच ठेवायचें?’’ मीं असेंच ठेवावयास सांगितलें, आणि सही केली.